दोन गालांचा तराजू

सुंगाई पनुहच्या बाजारामागे हाजी मुख्तारुद्दीन यांची दालचिनीची वखार आहे आणि त्या वखारीच्या दाराशी एक वेताची खुर्ची. खुर्ची जुनी, एका बाजूला कललेली. तरी तिच्यावर दुसरे कोणी बसत नाही. डोंगरावरून सोलून, खरवडून, उन्हात वाळवून आणलेली साल आधी त्या खुर्चीपुढे येते, मग काट्यावर जाते. पहिली प्रत, दुसरी प्रत की नुसते तुकडे, हे तिथे बसणारी बाई सांगते. आता ती बाई शफ्रिदा; आधी तिची आई सांगत असे. आई गेल्यावर बाग धाकट्या बहिणीकडे, एर्मिसकडे, गेली आणि खुर्ची शफ्रिदाकडे आली. आमच्या खोऱ्यात घर आणि जमीन लेकींकडून लेकींकडे जाते. खुर्चीही तशीच गेली, त्यात कोणाला नवल वाटले नाही.

शफ्रिदाची रीत आईचीच होती. आलेल्या सालीची नळी ती मोडायची, मोडतानाचा आवाज ऐकायची, कपची नाकाशी धरायची आणि मग उजव्या गालात ठेवायची. डाव्या गालात त्याआधीच दुसरी कपची असायची: कमरेच्या डबीतली, आईच्या बागेतल्या सर्वांत जुन्या झाडाची. एकट्या सालीचा न्याय करू नये, असे आईचे म्हणणे. माणूस उपाशी असला तर त्याला कुठलीही साल गोड लागते आणि भांडून आला असला तर कुठलीही तिखट. म्हणून एका गालात ओळखीची साल, दुसऱ्यात नवी. दोन्हींचा रस सुटू द्यायचा. आधी गोडवा, मग चटका, मग किंचित तुरटपणा. कोण कुठे कमी पडते ते जोखायचे आणि दोन्ही थुंकून टाकायच्या. फांदीची साल खोडाच्या सालीत मिसळून आणणारा बागाईतदार आणि खोडाच्या सालीला फांदीचा भाव देऊ पाहणारा व्यापारी, या दोघांनाही त्या थुंकण्याची सारखीच धास्ती होती. हाजींचा पगार घेऊन प्रसंगी हाजींच्याच विरुद्ध निकाल देणारी ती बाजारातली एकटी नोकरदार असावी. हाजींनाही ते सोयीचे होते, कारण तिच्या शब्दामुळे चांगला माल दुसऱ्या वखारीकडे वळत नसे.

एवढ्या लोकांचा न्याय एका बाईच्या तोंडावर सोपवणे कितपत शहाणपणाचे, हा प्रश्न कोणी कधी विचारला नव्हता. तो विचारण्याची वेळ आणली मिरचीने.

दोघी बहिणी दुपारी एकत्र जेवत. एके दिवशी शफ्रिदाने मिरचीचे सांबाल ताटाच्या कडेला सारले. दुसऱ्या दिवशी वाटीच दूर केली. एर्मिसने आधी दुर्लक्ष केले, मग तिला राहवले नाही.

"उनी, तू म्हातारी झालीस की माझी मिरची तरुण झाली?"

शफ्रिदा म्हणाली की तोंड आतून सोलल्यासारखे झाले आहे. थोरल्या बहिणीला उनी म्हणून मान द्यायचा आणि त्याच दमात तिची थट्टा करायची, ही एर्मिसची सवय. पण त्या दिवशी तिने थट्टा तिथेच थांबवली. खिडकीपाशी नेऊन तिने बहिणीचे तोंड उघडायला लावले आणि आत पाहिले. दोन्ही गालांच्या आतल्या अंगावर पांढऱ्या रेघांची जाळी होती, जाळीखालचा भाग लालबुंद. गावात असे पांढरे काही तोंडात दिसले की लोक आवाज खाली आणतात. दोघींच्या मामाला असेच काही झाले होते, आणि ते तंबाखूमुळे होते, आणि तो गेला होता.

सरकारी दवाखान्यात दातांची डॉक्टर जावाहून आलेली होती. नाव वेनिंग. वयाने तरुण, बोलायला मऊ, हाताने पक्की. तिने शफ्रिदाचे तोंड घाई न करता पाहिले. आधी कापसाच्या पट्टीने पांढरे पुसून पाहिले. बुरशी असती तर पुसले गेले असते, हे पुसले जाईना. मग दात तपासले. चांदीसारख्या धातूने भरलेल्या जुन्या दाताला गाल घासत असला, तर नेमके तेवढ्यावरच असे पांढरे उमटते; शफ्रिदाच्या तोंडात भरलेला दात एकही नव्हता. रक्तदाबाच्या गोळ्यांनीही असे होते. ती कुठलीच गोळी घेत नव्हती. डॉक्टरने तिची मनगटे उलटीपालटी करून पाहिली, नखे पाहिली, तिथेही काही नव्हते. मग प्रश्न सुरू झाले. पान खाता का? नाही. तंबाखू? नाही. सिगारेट? नवऱ्याची होती, दोघेही गेले. नवी टूथपेस्ट, च्युइंगम, तिखट गोळ्या? नाही. दिवसभरात तोंडात काय काय जाते? भात, तळ्यातले मासे, भाजी, कॉफीच्या पानांचा कावा, आणि मिरची, म्हणजे आता जात नाही. काम काय करता? हाजींच्या वखारीत मालाची प्रत लावते.

डॉक्टरच्या डोळ्यांपुढे काटा, वजने आणि पोती आली असणार. तिने मान हलवली.

या संभाषणात कोणीही खोटे बोलले नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. आमच्या खोऱ्यात दालचिनी हा खाण्याचा पदार्थ नाही. अंगणात ती वाळत असते, जिन्यावर पसरलेली असते, लहान मुलांच्या केसांना तिचा वास येतो. समुद्राकाठचा माणूस हवेतला खारटपणा आपण गिळतो असे डॉक्टरला सांगत नाही. जे सगळीकडे आहे त्याची नोंद घेण्याची सवय माणसाला नसते, आणि जे पोटासाठी करायचे ते काम, त्याला खाणे कोण म्हणेल? शफ्रिदाच्या हिशेबी तोंडातली साल ही सुताराच्या हातातल्या रंध्यासारखी होती.

शेवटी तिने, बाईला मानाने म्हणतात तसे बू म्हणत, मनातले विचारलेच. "बू डॉक्टर, हा कर्करोग आहे का?"

वेनिंगने उत्तर टाळले नाही. तसे वाटत नाही, ती म्हणाली, पण वाटण्यावर आपण थांबायचे नाही. तिने गालाचा तांदळाएवढा तुकडा काढून तपासणीसाठी पाडांग शहराला पाठवला. अहवाल आला तो दिलासा देणारा होता, पण निवाडा करणारा नव्हता. कर्करोगाची खूण नाही; चित्र लायकेन प्लेनसचे किंवा त्याच्यासारखे दिसणाऱ्या दुसऱ्या कशाचे; तोंड पाहून ठरवावे. तोंड वेनिंगने पाहिलेच होते. दोन्ही गालांवर सारखी जाळी, मध्यम वयाची बाई, बाहेरचे कारण सापडत नाही. बाहेरून लागणाऱ्या गोष्टी बहुधा एका बाजूला खूण सोडतात, कारण माणूस पान किंवा तंबाखू एकाच गालात धरतो. दोन्ही बाजू इतक्या समान असतील तर शरीर आतूनच स्वतःशी भांडत आहे, असे मानणे वाजवी होते. तिने लायकेन प्लेनस ठरवले, गालाला आतून लावायचे मलम दिले, आणि समजावून सांगितले की हा संसर्ग नाही, पाप नाही, कोणाची नजर नाही. मात्र तो बरीच वर्षे सोबत राहतो, आणि क्वचित बिघडतो, म्हणून दर काही महिन्यांनी दाखवायला यायचे.

शफ्रिदाने सगळे ऐकून घेतले आणि एकच विचारले. चव जाईल का? डॉक्टर म्हणाली, जीभ चांगली आहे, चव राहील. शफ्रिदा हसतच घरी आली. जो आजार खुर्ची सोडायला लावत नाही, तो तिच्या लेखी पाहुण्यासारखा होता; राहील थोडे दिवस, जेवेल, जाईल.

पुढच्याच महिन्यात रमजान आला, आणि तोंड निवळले. जाळी विरली, लाली गेली. श्रेय कोणाचे यावर खोऱ्यात उघड मतभेद झाले. वेनिंगने ते मलमाला दिले, मशिदीच्या इमामांनी रोज्यांना, आणि एर्मिसने, बहिणीसाठी ती पहाटे जी दुवा मागत होती तिला. शफ्रिदाने तिघांनाही दुजोरा दिला. ईदच्या दिवशी बांबूत शिजवलेला लेमांग भात आणि तिखट मांस तिने डोळे मिटून खाल्ले, आणि एर्मिसने सांबालाची वाटी मुद्दाम तिच्याच पुढ्यात ठेवली.

ईद सरली आणि दहा दिवसांच्या आत सगळे परत आले, पहिल्यापेक्षा वाईट. मलम नियमाने चालू होते, तरी गाल असे झाले की पाणीही झोंबावे. एर्मिसने यावर घरचा उपाय काढला. तोंडाच्या फोडांवर आजीपासून चालत आलेला तो उपाय खोऱ्यातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. शफ्रिदा रोज संध्याकाळी तो नेटाने करू लागली, आणि रोज सकाळी तोंड आदल्या दिवसापेक्षा अधिक सुजलेले असे.

वेनिंग अस्वस्थ झाली. अधिक जोराचे औषध द्यावे, असा एक विचार तिने केला आणि बाजूला ठेवला. मलमाने बरे झालेले तोंड मलम चालू असताना का फिरावे, हे तिला सुटत नव्हते. ते सुटले एका आठवडी बाजाराच्या दिवशी, आणि तेही दुसऱ्याच कामासाठी बाहेर पडल्यावर. जावातल्या सोलोला राहणाऱ्या तिच्या आईला चांगली दालचिनी हवी होती. ती घ्यायला डॉक्टर हाजींच्या वखारीत आली.

रमजानभर साचलेला माल अजून उरकत होता. त्या महिन्यात शफ्रिदा साल नुसती मोडून आणि हुंगून तात्पुरती प्रत सांगे. पक्का निकाल ईदनंतर, चव घेऊन. त्यामुळे ईदनंतरचे आठवडे तिला श्वास घ्यायला फुरसत नसे. वेनिंग दाराशी पोहोचली तेव्हा शफ्रिदाचे दोन्ही गाल फुगलेले होते, आणि समोर साहरुल नावाचा बागाईतदार हाताची घडी घालून उभा होता. साहरुलचा माल आणि साहरुलची तक्रार बाजारात नेहमी एकत्र येत. शफ्रिदाने डॉक्टरला हातानेच थांबायला सांगितले, डोळे मिटले, मग पिकदाणीत थुंकली आणि म्हणाली, "दुसरी."

वेनिंगने पिकदाणीत वाकून पाहिले. वयाने मोठ्या बाईला ती इथल्या रीतीने माक म्हणे. "माक, तोंडात काय होतं?"

"काही नाही, बू डॉक्टर. काम होतं."

"आणि दुसऱ्या गालात?"

"तेही कामच."

"असं रोज करता?"

"माल येत असेल तेव्हा रोज. रमजानात नाही. रोजा धरून तोंडात कोण काय घालील?"

डॉक्टर जवळच्या पोत्यावर बसली. तिच्या चेहऱ्यावरून ती आता हसेल की रडेल, हे साहरुलला कळेना, असे तो नंतर सांगत असे.

"मी तुम्हाला विचारलं होतं, तोंडात काय काय जातं."

"तुम्ही खाण्याचं विचारत होतात. मी ही खात नाही. थुंकते."

"आणि माझ्या मालावर जरा जोरातच थुंकते," साहरुल म्हणाला.

मग वेनिंगने पुढचे विचारले, आणि संध्याकाळच्या घरगुती उपायाचेही उलगडले. तो दालचिनीचा काढा होता. एर्मिस तो भरपूर कडक करत असे.

डॉक्टरने तिथेच, पोत्यावर बसून, समजावले. काही माणसांच्या तोंडाचे दालचिनीच्या तेलाशी पटत नाही. वर्षानुवर्षे पटते, आणि एक दिवस बिनसते. मग गालाला आतून जे होते ते लायकेन प्लेनसच्या इतके जवळचे दिसते की सूक्ष्मदर्शकाखालीसुद्धा दोघे भावंडे वाटतात. फरक एवढाच, की एक आपल्या मर्जीने येते-जाते, आणि दुसरे, ज्याने आणले ते काढून घेतले की निघून जाते. "दोन्ही गाल सारखे दिसले म्हणून मी फसले," ती म्हणाली. "लोक एका गालात ठेवतात, माक. तुमच्या आईने तुम्हाला दोन्हींत ठेवायला शिकवलं."

आता एकच उपाय होता. दोन आठवडे दालचिनी तोंडाला लावायची नाही. ना कामाला, ना काढ्याला. तोंड निवळले तर कारण दालचिनी. न निवळले तर पहिले निदान खरे.

शफ्रिदाची खरी अडचण इथे सुरू झाली. पहिले निदान खरे ठरले तर आजार जन्माचा, पण खुर्ची तिची. दुसरे खरे ठरले तर तोंड बरे, आणि खुर्ची गेली. हाजी भले माणूस होते, पण व्यापारी होते. दोन-तीन आठवडे ते थांबायला तयार झाले. त्यापुढे, ते म्हणाले, खुर्ची रिकामी ठेवता येत नाही, सिउलाकच्या वखारीतला एक चव घेणारा यायला राजी आहे. त्यांचेही चूक नव्हते. निकाल देणाऱ्याने निकाल कशावरून दिला हे लोकांना दिसले पाहिजे, आणि खोऱ्याने आजवर तो तिच्या फुगलेल्या गालांवरून पाहिला होता.

त्या पंधरवड्यात शफ्रिदा रोज आरशात तोंड पाही आणि बरे होत असल्याचे पाहून खिन्न होई. असा रोगी वेनिंगने पूर्वी पाहिला नव्हता. एर्मिस म्हणाली, "लोक रोग जावा म्हणून नवस करतात. ही बया राहावा म्हणून करतेय." पंधरवडा संपायच्या आतच गाल गुळगुळीत, गुलाबी झाले. वेनिंगने आनंदाने हात पुढे केला. शफ्रिदाने शिष्टाचारापुरता हातात घेतला.

आणि त्याच संध्याकाळपासून तिने डॉक्टरला न सांगता एक गोष्ट केली. डबीतली घरची साल डाव्या गालात ठेवली. फक्त डाव्या. उजवा रिकामा ठेवला. आईची रीत तिला एवढी अंगवळणी पडली होती की आपल्या रोगाचा न्यायही तिला एकट्या सालीवर करवेना. जोडीला काहीतरी हवे होते, तर ते रिकामेपण. तिला आशा होती की दोन्ही गाल सारखेच राहतील. आठवडा होण्याआधी डावा गाल पांढरा पडून जळू लागला, आणि उजवा तसाच गुलाबी राहिला.

तोंड घेऊन ती दवाखान्यात गेली. वेनिंग आधी चांगलीच रागावली, मग तिने दोन्ही गाल पुन्हा पुन्हा पाहिले, आणि शेवटी रागावण्याचे विसरली. यापेक्षा स्वच्छ पुरावा मिळाला नसता. "पुन्हा असं करू नका," ती म्हणाली, "पण केलंत ते बरं केलंत." लायकेन प्लेनस हे नाव तिने शफ्रिदाच्या कागदावरून खोडले. वर्षाकाठी एकदा दाखवायला या, मिरची खा, एवढेच नवे लिहिले.

उरली खुर्ची. पुढच्या बाजाराला हाजींनी बागाईतदारांना दाराशी जमवले आणि सांगितले की शफ्रिदाला यापुढे चव घेता येणार नाही, डॉक्टरची मनाई आहे, तेव्हा सिउलाकच्या माणसाला बोलावणे पाठवतो. शफ्रिदा खुर्चीवर नव्हती. खुर्चीच्या मागे, तिच्या पाठीला हात लावून उभी होती.

बोलला तो साहरुल, आणि तोही तिच्या बाजूने बोलण्याचा त्याचा मुळीच इरादा नव्हता. तक्रारच करायची होती.

"पाक हाजी, मला एक सांगा. रमजानात हिने माझी साल हुंगली आणि म्हणाली, दुसरी. मी म्हटलं, ठीक आहे, ईदनंतर चव घेईल तेव्हा कळेल. तेवढ्यासाठी माल अडकवून ठेवला. ईदनंतर चव घेतली, तर पुन्हा दुसरी. गेल्या वर्षी तेच. त्याच्या मागच्या वर्षी तेच. हिच्या नाकात आणि तोंडात काही फरकच नाही, तर मी दरवर्षी महिनाभर कशाला थांबतो?"

लोक एकमेकांकडे पाहू लागले. मग एकाला आपले आठवले, मग दुसऱ्याला. रमजानातला निकाल ईदनंतर फिरला, असे एकही उदाहरण कोणाला देता येईना. जिला आपण तात्पुरती प्रत म्हणत होतो ती कधीच तात्पुरती नव्हती. ती पक्की होण्यासाठी थांबत होतो ते केवळ समारंभासाठी. समाजाचे बरेचसे समारंभ असेच चालतात, आणि ते मोडायला साधा शहाणा माणूस पुरत नाही, आपल्या नुकसानीचा हिशेब अचूक ठेवणारा तक्रारखोर लागतो.

हाजींनी शफ्रिदाकडे पाहिले. "नाकावर चालेल तुझं?"

ती म्हणाली की नाकावर चालेल, पण लोकांना ते दिसायला हवे, आणि नाक गालासारखे फुगत नाही. म्हणून निकाल ती नाकाने देईल. ज्याला मान्य नसेल त्याने चव स्वतः घ्यायची, तिच्या रीतीने, सर्वांसमोर, आणि जे लागले ते सांगायचे. एखाद्या वेळच्या कपचीने कोणाच्या गालाला काही होत नाही, असे तिने वेनिंगला आधीच विचारून ठेवले होते. म्हणजे तिने या प्रसंगाची तयारी केली होती. संधी मिळेल ही आशा तेवढी सोडली होती.

ती खुर्चीवर बसली. पहिला माल अर्थातच साहरुलचा होता. शफ्रिदाने नळी मोडली, नाकाशी धरली, डोळे मिटले. "दुसरी."

"मान्य नाही," साहरुल म्हणाला. ते त्याला म्हणावेच लागले. बाजार पाहत होता.

शफ्रिदाने कमरेची डबी उघडून घरची साल त्याच्या हातावर ठेवली. ती डाव्या गालात, स्वतःची उजव्या. साहरुलचे गाल फुगले. सगळी वखार त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली, हाजीसुद्धा काटा सोडून. त्याने भुवया उंचावल्या, मग खाली आणल्या. डावीकडून उजवीकडे जीभ फिरली, पुन्हा डावीकडे गेली, आणि तिथेच रेंगाळली. गर्दीत कोणीतरी खोकले.

अखेर त्याने पिकदाणी जवळ ओढली.

"बोल," शफ्रिदा म्हणाली.

"दुसरी," साहरुल म्हणाला, आणि वाकला.

"जोरात थुंकू नकोस रे," ती म्हणाली. "माल तुझाच आहे."